गॅलरीतला मापाडी

सामना सुरू व्हायला अजून अवकाश असतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन्ही संघ अंग मोकळं करायला मैदानात उतरलेले असतात. गॅलरीत कुणी रुमाल टाकून जागा धरतंय, कुणी शेंगांची पुडी सोडतंय, हलगीवाला हलगी शेकून घेतोय. या गडबडीत सिमेंटच्या पायरीवर एक माणूस उभा असतो. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून एक हात कपाळाशी, दुसरा कमरेवर, आणि नजर मैदानातल्या एकेका खेळाडूच्या टाचेपासून टाळूपर्यंत वर-खाली फिरत असते.

"नऊ नंबर कोण हाय रं? नवीन दिसतंय."

"बाहेरनं आणलाय म्हणं."

"पाच-चार. पाच-सात म्हणून खपवलाय कुणीतरी."

हा मापाडी. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यावर नुसता हात ठेवून वजन सांगणारी जुनी माणसं असत, तसा हा साठ-सत्तर यार्डांवरून माणसाची उंची सांगतो. फरक एवढाच की यार्डातल्या मापाड्याला नंतर काट्यापुढे उभं राहावं लागायचं. गॅलरीतल्या मापाड्याचा आकडा तपासायला कुणी जात नाही. खेळाडूला भिंतीला उभा करून डोक्यावर पट्टी ठेवायची सोय फुटबॉलच्या नियमांत नाही, हे त्याचं भाग्य.

त्याची पेठ मी सांगणार नाही. सांगितली तर उरलेल्या पेठा इथेच वाचायचं थांबवतील आणि त्याच्या पेठेतले म्हणतील, आमच्यात असं कुणी नाहीच. खरं म्हणजे प्रत्येक पेठेत एक आहे. काही पेठांत दोन आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

मापाड्याच्या धंद्याचा एक नियम आहे. तो त्याने तोंडाने कधी सांगितलेला नाही, पण त्याच्या मागच्या पायरीवर हंगाम काढलेल्या कुणालाही तो पाठ होतो. माणसाची उंची कायम नसते. ती गोलफलकावर अवलंबून असते. त्याच्या संघाचा पुढचा खेळाडू पहिल्या अर्धात डोक्याने मारायला उडाला आणि चेंडू वरून गेला, की निकाल लागतो, "पाच-दोन हाय त्ये. कुठनं पोचणार? स्टूल द्या त्येला स्टूल!" तोच पोरगा दुसऱ्या अर्धात तसाच उडतो, चेंडू कपाळाच्या मधोमध बसतो आणि जाळी हलते. हलगी फुटायच्या बेतात येते. गॅलरी खाली उतरून परत वर येते. धुरळा बसल्यावर मापाडी शेजाऱ्याला शांतपणे सांगतो, "पाच-आठ तर असंलच की. घरचं दूध-तूप हाय. अंग धरलंय पोरानं." अर्ध्या तासात सहा इंच. वैद्यकशास्त्राला जे जमलं नाही ते एका कॉर्नरने केलं.

समोरच्या संघाला हाच नियम उलटा लागतो. त्यांचा मागचा खेळाडू खरोखरच ताडमाड असतो. आपला संघ पुढे असेपर्यंत तो "नुसता वाढलाय, डोस्कं खालीच ऱ्हायलंय" या सदरात मोडतो. त्यानेच शेवटच्या पाच मिनिटांत तीन चेंडू डोक्याने परतवले की मापाड्याला एकदम न्याय आठवतो. "सहा फुटाच्या वरच्या माणसाला खेळवायला बंदी पायजे. ह्यो काय फुटबॉल झाला? नारळ काढायलाय नुसता." पंच तर दर शिट्टीला वाढतो आणि आटतो. आपल्या बाजूने फ्री किक दिली की मूर्ती लहान पण कीर्ती महान, विरुद्ध दिली की, "शिट्टी मोठी, माणूस बारका. दिसतंय का तिथनं काय?"

हे सगळं कोल्हापुरात इतकं का पिकतं, याचं एक कारण मला दिसतं. या गावाने फुटबॉल तालमीत वाढवला. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही फुटबॉल संघांची नावं, पण प्रत्येकापुढे अजून ‘तालीम मंडळ’ लागतं. जिथे लाल मातीत शड्डू घुमायचे, तिथूनच पुढे बूट घालून पोरं मैदानावर गेली. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान स्टेडियमपासून फार लांब नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाने माणूस समोर आला की आधी त्याची मान, मग दंड, मग मांडी पाहिली, त्या गावाला पोरगं मैदानात आल्यावर नुसते त्याचे पाय बघा म्हणून सांगणं अवघड आहे. कुस्तीत वजनगट तरी असतात. फुटबॉलमध्ये पाच-तीनचा माणूस सहा-दोनच्या माणसाशी बिनदिक्कत भिडतो, आणि पुष्कळदा त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून पसार होतो. हे मापाड्याला मनातून पटत नाही. तराजूच्या एका पारड्यात काहीतरी कमी टाकलंय असं त्याला वाटत राहतं.

वरच्या पायरीवर एक वस्ताद बसतात. पांढरा फेटा, कान मोडलेले, आवाज खर्जातला. पूर्ण सामन्यात एकदाच बोलतात. एका दुपारी मापाडी कुणाच्या तरी बुटकेपणावर सलग बोलत सुटला होता, तेव्हा ते एकदाचे बोलले, "आरं, चेंडू जमिनीवर असतोय न्हवं? मग तू वर काय बघायलायस?"

मापाडी त्यानंतर चहा येईपर्यंत गप्प होता.

स्वतः मापाडी किती उंच? पाच-सात. हे तो न विचारता सांगतो. दिसताना तो पाच-सात दिसत नाही, पण बसलेला असतो तेव्हा चालून जातं, आणि उभा असतो तेव्हा शक्यतो वरच्या पायरीवर. या पाच-सातच्या मागे एक इतिहास आहे. ऐन विशीत तो पोलीस भरतीला गेला होता. पुरुषांना उंची १६५ सेंटीमीटर, म्हणजे पाच-पाच, छाती न फुगवता ७९, फुगवून वर पाच. छाती त्याने फुगवली. उंचीला तो पाऊण सेंटीमीटरने गेला. त्याचं म्हणणं असं की पहाटे चारपासून रांगेत उभं केलं आणि माप घेतलं दिवस कलल्यावर. "माणूस सकाळी मोठा असतोय आणि संध्याकाळी बारका," हे वाक्य त्याच्या तोंडून गॅलरीने इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणीत जमा झालंय. हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, कारण यात तो बरोबर आहे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात; सकाळ-संध्याकाळच्या उंचीत सेंटीमीटरभराचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. म्हणजे सरकारने भरती सकाळी उरकली असती तर हा माणूस आज गॅलरीत बंदोबस्ताला उभा असता आणि आपण एका थोर मापाड्याला मुकलो असतो.

त्या पाऊण सेंटीमीटरची भरपाई त्याने पुढे दोन इंचांनी करून घेतली. पाच-सातच का, पाच-आठ का नाही, याचंही उत्तर आहे. मेस्सी पाच-सात आहे. १७० सेंटीमीटर. भारताचा सुनील छेत्रीही १७०. "आमची तिघांची एकच उंची," असं तो म्हणतो, आणि या तिघांत आपला क्रम कितवा ते ऐकणाऱ्यावर सोडतो. मॅराडोना १६५. "काठावर बसला असता भरतीत," असं तो मॅराडोनाबद्दल म्हणतो तेव्हा आवाजात भाऊबंदाची माया असते. १९८६ च्या वर्ल्डकपमध्ये मेक्सिको सिटीला याच १६५ सेंटीमीटरच्या माणसाने इंग्लंडच्या सहा फुटांवरच्या गोलकीपरच्या, पीटर शिल्टनच्या, डोक्यावरून चेंडू जाळीत घातला. त्यात हाताचा वाटा होता हे जगाला माहीत आहे. मापाड्याला ते गैर वाटत नाही. "उंची कमी पडली तर माणूस हात वर करणारच की. त्यात काय एवढं?"

मेस्सीचा विषय निघाला की रात्र पुरत नाही. मापाड्याच्या कट्ट्यावर एक रोनाल्डोवाला आहे. तोही मापाडीच, पण लंबू पक्षाचा. रोनाल्डो सहा फुटांच्या वर. २०१९ च्या डिसेंबरात युव्हेंटसकडून सॅम्पडोरियाविरुद्ध त्याने हवेत लटकून हेडर मारला, तेव्हा त्याचं डोकं जमिनीपासून २.५६ मीटरवर होतं असं जगभर छापून आलं. रोनाल्डोवाल्याने ते कात्रण जपून ठेवलंय आणि कुठल्याही वादात, अगदी गल्लीतल्या पाण्याच्या वादातसुद्धा, ते काढतो. गोलपोस्टचा आडवा दांडा २.४४ मीटरवर असतो. "दांड्याच्या वर डोस्कं गेलतं माणसाचं! तुझं बेणं तिथं हात तरी लावंल का?"

त्यावर मापाडी २००९ काढतो. रोम, चॅम्पियन्स लीगची फायनल, बार्सिलोना विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. तेव्हा रोनाल्डो युनायटेडमध्ये. झावीचा क्रॉस आला, मेस्सी मागे सरकत सरकत उडाला आणि डोक्याने चेंडू उलट्या कोपऱ्यात टाकला. गोलमध्ये होता व्हान डर सार, १९७ सेंटीमीटर. उडता उडता मेस्सीच्या पायातला बूट निघाला. त्याने तो उचलला आणि त्याचा मुका घेतला. "बूट न्हवता पायात!" मापाडी बोट नाचवत सांगतो. "म्हणजे टाचंचा अर्धा इंच वजा कर. त्येच्यानंतर बोल." हे गणित चुकीचं आहे, बूट निघाला तोवर चेंडू गेला होता, पण रात्री अकराला कट्ट्यावर असली कलमं कुणी काढत नाही.

रोनाल्डोवाल्याचा शेवटचा बाण ठरलेला असतो, "औषधं घेऊन वाढलाय त्यो." इथे मात्र मापाड्याचा चेहरा बदलतो. चेष्टा थांबते. रोसारियोच्या त्या पोराच्या शरीरात वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार होत नव्हतं. दहा-अकराव्या वर्षी ते कळलं. रोज रात्री स्वतःच्या मांडीत सुई टोचून घ्यायची, आज ही मांडी, उद्या ती. उपचारांचा खर्च घराला झेपेना. २००० साली तेरा वर्षांचा हा मुलगा बापाबरोबर बार्सिलोनाला गेला, आणि क्लबच्या कार्लेस रेशाक यांनी डिसेंबरात कागदी हातरुमालावर त्याला घेण्याचा करार लिहून दिला. तो हातरुमाल २०२४ मध्ये लिलावात सात लाख साठ हजार पौंडांच्या वर गेला. मापाडी हे सगळं तारीखवार सांगतो, आणि शेवटी, "म्या सांगतो, सुई टोचून घेऊन पाच-सात झालेलं पोरगं हाय त्ये. न टोचता तू किती झालास?" रोनाल्डोवाला पाच-तीन आहे.

२०२२ च्या वर्ल्डकपच्या आधी केरळात कोळिकोडजवळच्या पुल्लावूर गावात नदीमध्ये मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा राहिला. ते फोटो इथल्या फोनवर आले त्या दिवशी मापाडी हवेत होता. तीस फूट! मग तिथल्या ब्राझीलवाल्यांनी शेजारी चाळीस फुटी नेमार उभा केला. आणि मग रोनाल्डोवाल्यांनी त्याहून उंच रोनाल्डो. त्या नदीत तिघांची क्रमवारी प्रत्यक्षातल्यासारखीच लागली, मेस्सी सगळ्यात बुटका. कट्ट्यावर दोन दिवस भांडण झालं, आणि त्यातून मापाड्याने सिद्धान्त काढला तो असा की कटआउटची उंची नदीच्या तळापासून धरली की पाण्याच्या वरपासून, हे आधी ठरलं पाहिजे. डिसेंबरात वर्ल्डकप कुणी उचलला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर मेस्सी किती फुटांचा झाला ते मी लिहीत नाही.

लंबू माणसांबद्दल त्याला आकस आहे असं मात्र नव्हे. इंग्लंडचा पीटर क्राउच २०१ सेंटीमीटर. गोल केल्यावर यंत्रमानवासारखा नाचायचा आणि स्वतःच्या लांबीवर स्वतःच विनोद करायचा. चेक देशाचा यान कोलर त्याहून सेंटीमीटरभर जास्त. २००२ मध्ये बायर्नविरुद्ध डॉर्टमुंडच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं, तेव्हा हा पुढे खेळणारा माणूस हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला आणि त्याने उरलेला वेळ एकही गोल होऊ दिला नाही. "एका तिकिटात दोन माणसं," असा त्यावर मापाड्याचा शेरा. २०१७ मध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणजे गावाचा जीव टीव्हीत. कोलंबियाविरुद्ध भारताचा या स्पर्धेतला पहिला गोल झाला तो जॅकसन सिंगचा, कॉर्नरवरून, डोक्याने. मणिपूरचा हा पोरगा सहा फुटांवर. त्या रात्रीपुरता मापाडी लंबू पक्षात गेला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला आणि तो परत आला.

हा रोग फक्त आपल्याकडचा समजू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेड ब्रेंटफर्डकडून ४-० ने हरलं, तेव्हा अर्जेंटिनाचा नवा बचावपटू लिसांद्रो मार्टिनेझ १७५ सेंटीमीटरचा म्हणून जेमी कॅरागरसारख्या लिव्हरपूलच्या जुन्या बचावपटूने टीव्हीवर सांगून टाकलं, की एवढ्या उंचीत प्रीमियर लीगमध्ये मधला बचाव जमायचा नाही. चार महिन्यांत तो माणूस वर्ल्डकप जिंकून आला, आणि पुढे कॅरागरने शब्द मागे घेतले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिकडचा मापाडी सूट घालून बसतो, त्याला पैसे मिळतात, आणि चुकला की त्याला चुकलो म्हणावं लागतं. आमच्या मापाड्याला यातलं काहीच लागू नाही.

त्याचा खरा कस लागतो पोरांच्या सामन्यांना. तेरा-चौदा वर्षांची दोन पोरं शेजारी उभी करा. एकाला मिसरूड फुटलीय, आवाज घोगरा, वर्षात आठ-दहा सेंटीमीटर वाढलाय. दुसरा अजून चौथीतला वाटतो. दोघांची जन्मतारीख एकाच महिन्यातली असू शकते. हे मापाड्याला मान्य नाही. मिसरूडवाला मैदानात आला की तो ओरडतो, "आरं, ह्येचा पोरगा कुठल्या वर्गात हाय विचारा की कुणीतरी!" कागदपत्रांवर त्याचा विश्वास नाही, आणि यात सगळा दोष त्याचा नाही, वयचोरी हा वयोगटाच्या स्पर्धांचा जुना आजार आहे. २००९ पासून फिफा सतराखालच्या वर्ल्डकपला पोरांच्या मनगटाचं एमआरआय काढते. मनगटाजवळच्या हाडात वाढीचा जो थर असतो तो पुरता सांधला असेल तर पोरगं सतराच्या पुढचं, असा हिशेब. मापाड्याला हे कळलं तेव्हा तो नाराज झाला. एवढं मोठं यंत्र कशाला, म्हणाला, मला बोलवायचं.

बारक्या पोरांसाठी त्याच्याकडे सल्ले तयार असतात. दाराच्या चौकटीला लोंबकळ. दोरीवरच्या उड्या मार. खोबरं खा. म्हशीचं दूध पी, पिशवीतलं नको. पोरं ऐकून घेतात, लोंबकळतात, आणि एका घरची चौकटही निघून आलेली आहे. वाढीचा तो थर मिटेपर्यंत पोरगं वाढतं, मिटला की कितीही लोंबकळा, हात तेवढे दुखतात. मजा अशी की वाढ लागली की आधी पावलं वाढतात. पाच फुटी पोराला आठ नंबरचा बूट. मग तीन महिन्यांत बूट बोटांना लागतो, आणि घरात आई म्हणते, आत्ताच तर आणला. म्हणून बूट घेतानाच दोन नंबर मोठा घ्यायचा, पुढे कापूस कोंबायचा. पेठेत असे बूट थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून चुलत्याच्या पोराकडे जातात, आणि कापसाची मात्रा पायागणिक बदलते. एकदा एका पोराने पेनल्टी मारली, तेव्हा चेंडूच्या आधी बूट गोलमध्ये गेला. कीपर बुटावर झेपावला. गोल दिला गेला. मापाड्याने त्या दिवशी कुणाचीही उंची सांगितली नाही, हसून हसून त्याला बसावं लागलं.

त्याच्या एका विनोदाने मात्र घोळ झाला होता. एका काटकुळ्या पोराला तो सगळ्या हंगामात "टिल्लू" म्हणत राहिला. पोरगं मैदानावर यायचं बंद झालं. मापाडी त्याच्या घरी गेला. काय बोलला ते कुणाला माहीत नाही. घरातून बाहेर आला तेव्हा हातात भडंगाचा डबा होता, एवढं गल्लीने पाहिलं. त्यानंतर त्या पोराला त्याने टिल्लू म्हटलेलं नाही. "पाच-एक, पण पाय बघा," असं म्हणतो. पोरगं आता पाच-सहा आहे, तरी मापाड्याच्या वहीत ते पाच-एकवरच आहे. तिथे तो आकडा बदलायला तयार नाही.

उंचीचं एक बरं असतं, ती एकदा थांबते. आडवी वाढ थांबत नाही, आणि तिथे मापाड्याचे निकष अचानक सैल होतात. जुन्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना असतो तेव्हा बघावं. एके काळी ज्यांच्या उजव्या बगलेवरच्या धावांना पेठ उभी राहायची ते आता पोट सावरत मैदानात येतात. गॅलरी ओरडते, "दादा, चेंडू दिसतोय का खाली?" मापाडी ओरडणाऱ्याला गप्प करतो. ब्राझीलच्या जुन्या रोनाल्डोचं उदाहरण देतो. त्याच्या वजनावर जगाने वर्षानुवर्षं दात काढले, आणि २०११ मध्ये निवृत्त होताना त्याने सांगितलं की थायरॉइडचा त्रास आहे. हॅरी केन आठ-नऊ वर्षांचा असताना आर्सेनलने त्याला सोडून दिलं, गुबगुबीत होता म्हणून. आज इंग्लंडकडून सगळ्यात जास्त गोल त्याचे आहेत. "सुटलेल्या अंगाला हसू नये," हे मापाडी ज्या गंभीरपणे सांगतो त्याचं कारण त्याच्या अंगावर असतं. अर्जेंटिनाची जर्सी. दहा नंबर. २००६ साली ती त्याला झोकात बसायची. आता पाठीवरचा १ एका बगलेकडे चाललाय आणि ० दुसऱ्या, आणि दोघांमध्ये सपाट निळं-पांढरं माळरान पसरलंय. मागून बघणाऱ्याला वाटतं, एक नंबर आणि शून्य नंबर असे दोन वेगळे खेळाडू एकाच जर्सीत आलेत. नवी घे म्हटलं तर म्हणतो, कापड आटलंय.

घरात एक पंचाईत वाढतेय. त्याची मुलगी पंधराची आहे, शाळेच्या संघात गोलकीपर आहे, आणि पाच-आठ आहे. हे शाळेने आरोग्यपत्रकावर लिहून दिलंय. मापाडी तिला पाच-सहा म्हणतो, कारण घरात पाच-सातच्या वर कुणाला जायची मुभा नाही. फोटो काढताना तो उंबऱ्यावर उभा राहतो आणि ती अंगणात. त्याच्या बायकोने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, तिची जुनी जर्सी तुम्हाला होईल काय? लांबीला जास्तच होईल म्हणा." त्या दिवशी तो सामन्याला अर्धा तास आधी निघून गेला.

मागच्या हिवाळ्यात आंतरशालेय सामन्याला तो मुलीचा खेळ बघायला गेला. शाळेचं मैदान, पायऱ्या तीनच, आणि मागच्या पायरीवर दुसऱ्या पेठेतला एक अनोळखी गृहस्थ. एक हात कपाळाशी, दुसरा कमरेवर. पोरीने पहिला चेंडू वरच्या कोपऱ्यातून बोटांनी ढकलून बाहेर काढला, तसा मागून आवाज आला, "पाच-नऊ हाय बघा ही पोरगी."

"पाच-सहा," मापाडी मान न वळवता म्हणाला.

"कुणाची हाय म्हणायची?"

"पाच-सहा," मापाडी पुन्हा म्हणाला.

दुसऱ्या अर्धात लांबून एक उंच चेंडू आला. पोरगी उडाली, चेंडू बोटाला घासला आणि दांड्याखालून आत पडला. मागच्या गृहस्थाने जिभेने चक्‌ केलं. "पाच-तीन असंल. उगंच उंच वाटत होती. कुठनं पोचणार?"

मापाडी उठला. पायरीवर पूर्ण वळला. "पाच-आठ हाय ती! शाळंचा कागद हाय घरात! भरतीला पोरींना एकशेपंचावन लागतात, तिनं कवाच मागं टाकलंय! माझ्यापेक्षा उंच हाय माझी पोरगी, काय समजलास?"

मैदानावर पोरी थांबल्या. पंच बाईंनी इकडे पाहिलं. गोलमधून पोरगी दोन्ही हातमोजे तोंडावर धरून बघत होती.

गृहस्थाने कपाळावरचा हात किंचित खाली केला आणि मापाड्याला टाचेपासून टाळूपर्यंत एकदा, परत टाळूपासून टाचेपर्यंत एकदा पाहिलं.

"पाच-चार."

"आत्ता साडेचार वाजलेत," मापाडी म्हणाला. "सकाळी या."